उजवा कौल

झाडानं पाणी वाचवायचं नसतं, झाडानं पाणी उधळायचं असतं. एवढं साधं वाक्य मी मंत्रालयात, परिषदांमध्ये, वर्तमानपत्रांत आणि एकदा तर एका लग्नाच्या पंगतीतही ओरडून सांगितलं आहे. दरवेळी समोरच्यानं माझ्याकडे, बाईंचं ब्लडप्रेशर वाढलंय, अशा नजरेनं पाहिलं. वाढलंच आहे. ज्याचं वाढलेलं नाही त्याला अजून काही कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी रेश्मा गुरव. माझं काम वाफेचं. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीवर रिकामा होतो हे शाळेतली पोरंही सांगतात. पुढची गोष्ट शाळेत कुणी शिकवत नाही. घाटमाथ्याचं रान ते पाणी मुळांनी ओढतं आणि दिवसभर पानांच्या बारीक छिद्रांतून पुन्हा हवेत सोडतं. ती वाफ वाऱ्याबरोबर पूर्वेला जाते आणि आजऱ्यापलीकडे, गडहिंग्लजपलीकडे, पार जतच्या माळापर्यंत पुन्हा पाऊस होऊन पडते. एकाच थेंबावर दोन-तीन तालुके जगतात. समुद्राच्या वाफेत आणि झाडाच्या वाफेत जड नि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे घाटावरच्या आमच्या मोजणीच्या मनोऱ्यावरचा लेसर प्रत्येक वाफेला तिचं माहेर विचारू शकतो. पंचवीस सालानंतर झाडांनी शोषलेला कार्बन विकण्याचा बाजार तापला, दुनियेनं जंगलांकडे कार्बनची कोठारं म्हणून बघायला सुरुवात केली, आणि या वाफेला विचारणारं कुणी उरलं नाही.

मग रात्या आला.

निवडुंग दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतो, रात्री गारव्यात उघडतो, हवेतला कार्बन आत घेऊन साठवतो आणि उजाडलं की पुन्हा तोंड बंद. वाळवंटात हेच शहाणपणाचं आहे. काही हुशार लोकांनी निवडुंगाची ही सवय सागाला लावली. साग नेहमीच्या दुप्पट कार्बन खाऊ लागला आणि पाणी मात्र नावापुरतं पिऊ लागला. हरितकोश नावाच्या कंपनीनं त्याचं नाव ठेवलं 'निशावृक्ष' आणि रस्तोरस्ती फलक लावले : पाणी वाचवणारं झाड! आमच्या घाटावरच्या लोकांनी त्याचं नाव रात्या पाडलं. झाड वाढे झरझर, पण त्याच्याखाली दुपारी उभं राहिलं तर गारवा म्हणून लागायचा नाही. ज्या झाडाला घाम येत नाही त्याच्याखाली गारवा येणार कुठून?

घाटमाथ्याच्या उतारांमागून उतार रात्याखाली गेले, आणि आमच्या मनोऱ्यावरची झाडांची वाफ घसरत घसरत जवळजवळ संपली. दसऱ्यानंतरचा पाऊस, ज्यावर पूर्वेची सगळी ज्वारी उभी असते, तो पडेनासा झाला.

मी आलेख घेऊन हरितकोशच्या कोल्हापूरच्या कचेरीत गेले. तिथला विभागप्रमुख अभिजात केंजळे. वनस्पतिशास्त्रातला डॉक्टर, आवाज मऊ, तोंडात सतत 'मॅडम'. त्यानं आलेख नीट पाहिले आणि त्याला ते समजलेही. चीड आली ती त्याचीच. न समजणाऱ्यावर किती रागावणार?

"मॅडम, काम फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण आम्ही काय करावं असं म्हणणं आहे तुमचं?"

"घाटमाथ्यावर रात्या लावणं थांबवा."

"आमचं झाड कार्बन शोषत नाही का?"

"भरपूर शोषतं."

"पाणी जास्त पितं?"

"कमी पितं. तेच तर सांगतेय मी!"

"मग तक्रार कशाची?" त्यानं हात पसरले.

"गडहिंग्लजच्या पुढं पाऊस पडेनासा झालाय. त्याची वाफ तुमच्या झाडांनी वर जाऊच दिली नाही."

केंजळे हसला. वाईट हसला असता तर बरं झालं असतं, पण तो समजूतदारपणे हसला. "मॅडम, पाऊस कुणाच्या नावावर नसतो. कार्बन असतो."

आलेख छातीशी धरून मी जिना उतरले. खाली रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं ताई, कोण गेलं काय?" मी म्हटलं, पाऊस गेला. त्यानं मीटर टाकला.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दयानंद. आजऱ्याच्या वर, घाटमाथ्यावरच्या आमच्या आंबेखोल गावात रानजाईचा गुरव. आमचे बाबाही तेच होते. रानजाई म्हणजे देवराईच्या मधोमध उघड्यावर असलेला एक तांदळा, शेंदूर फासलेला, कंबरेइतक्या उंचीचा दगड. तिला छप्पर चालत नाही. पाऊस-ऊन तिनं अंगावर घ्यायचं अशी तिचीच आज्ञा आहे म्हणतात. तिच्या राईतली काटकीसुद्धा तिला विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"रेश्मा, परवा कौल हाय," दादा म्हणाला. "राईचा उरलेला तुकडा मागाय लागल्यात कंपनीवालं."

"उरलेला म्हणजे? बाकीची राई कुठं गेली?"

"देवीनं दिली की," तो म्हणाला.

मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले आणि दुपारच्या आत राईत पोचले. राई कसली, डोक्याचा अर्धा भाग वस्तऱ्यानं भादरावा तशी झाली होती. आमची देवी उत्तरेला तोंड करून बसते, म्हणजे तिचा उजवा हात पूर्वेला. त्या सगळ्या बाजूला आता रात्याच्या ओळी होत्या, काड्यांसारख्या उभ्या. फक्त पश्चिमेकडे जुनी झाडं शिल्लक होती, आणि त्यांच्या मुळाशी तो झरा, ज्याच्यावर गावाचा उन्हाळा निघतो. उद्या मागायचा तो तुकडा हाच. तो तुकडा गेला की झरा जाणार, आणि आंबेखोलला टँकरची वाट बघत बसावं लागणार. ज्या गावावर महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस कोसळतो त्या गावाला!

दादा एका बाईसाठी कौल लावत होता. तिच्या मुलीला आलेलं स्थळ पुण्याचं होतं, द्यावी की नाही असा सवाल. दादानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी सुकून, वळून खाली पडली. बाई खूश होऊन नारळ ठेवून गेली.

"बगितलंस?" दादा मला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "बाबांच्या टायमाला दिवस मावळंस्तवर बसायला लागायचं. आता देवी लगीच बोलतीया."

मी देवीकडे बघत होते. पूर्वेचं ऊन रात्याच्या ओळींतून आरपार येऊन तिच्या उजव्या खांद्यावर पडलं होतं. माळावरचा कोरडा वारा त्याच बाजूनं येत होता. डाव्या खांद्यावर मात्र जुन्या झाडांची सावली होती आणि तिकडची पाकळी अजून ओलसर चमकत होती.

"दादा, डावा कौल शेवटचा कधी मिळाला?"

"म्हंजे?"

"देवी नाही कधी म्हणाली? आठव."

तो आठवू लागला. आठवता आठवता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण," तो म्हणाला.

मग मी सरळ म्हटलं, आणि आमचं भांडण राईपासून घरच्या पडवीपर्यंत चाललं. मी सांगितलं की पूर्वेचा उतार राईच्या बाहेरचा, म्हणून त्याला कौल घ्यावा लागला नाही. कंपनीनं तो आधी मोकळा केला. तिकडून ऊन आणि वारा शिरला, देवीचा उजवा खांदा कोरडा पडला, उजवी पाकळी आधी पडायला लागली. म्हणून राईचा पहिला तुकडा मागितला तेव्हा देवी हो म्हणाली. तो तोडल्यावर खांदा आणखी सुकला, ती आणखी लवकर हो म्हणाली. जितकी तोडाल तितकी ती हो म्हणेल.

"म्हंजे मी कौल फिरवतो म्हण की," दादाचा आवाज चढला. "गावात बोलतीलच तसं. गुरवानं पैसं खाल्लं म्हंतील! अगं, तो केंजळे घरात टीव्ही घेऊन आलता, तो मी उंबऱ्यावरनं परत पाठवला. ठाव हाय का तुला?"

"तू काही खाल्लं नाहीस. म्हणून तर सांगतेय. चोर असतास तर तुला सगळं आधीच कळलं असतं."

"आनि बाबा? त्यांनी जलमभर काय इचारलं मग? वारं?"

"हो," मी म्हणाले. आता मागं हटण्यात अर्थ नव्हता. "वारंच विचारलं. राई गर्द होती तेव्हा हवा इतकी ओली असायची की पाकळ्या दिवसभर हलायच्या नाहीत. ठेकेदार लाकूड मागायला यायचे, देवी गप्प बसायची, आणि देवी बोलली नाही म्हणून बाबा त्यांना परत पाठवायचे. राई स्वतःची राखण करत होती दादा, तुमच्या पाकळीतून."

मग त्यानं विचारलं, "उद्या काय करायचं म्हंतीस?"

"सवाल उलटा घाल. तोडायची नसेल तर उजवा दे, असं म्हण."

"म्हंजे लबाडी करू. देवीच्या दारात." तो उठला. "तू जा. शिकलीस तिथंच जा तू."

मी गेले नाही. मला माझ्या भावाचा राग आला होता आणि त्याच्याहून जास्त त्याच्या प्रामाणिकपणाचा. लबाड माणसं तिकडे डोंगरच्या डोंगर विकत होती आणि दादा साधा प्रश्न उलटा करायला तयार नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव राईत जमलं. लोक वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. हरितकोशनं दवाखाना आणि गाडी कबूल केली होती, आणि आमच्या गावात बाळंतपणाला अजून आजरा गाठावा लागतो. शोभाताई देसाई सरपंच, त्यांची सून बाळंतपणात याच वाटेवर दगावली. शोभाताईंना तुकडा द्यायचा होता आणि त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मलाही द्यायचा असता. केंजळे पांढऱ्या सदऱ्यात मागं उभा होता. मला बघून त्यानं नमस्कार केला.

दादानं गाऱ्हाणं घातलं. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. "बाय रानजाये, तुजी लेकरं दारात आल्याती. राईचा राहिलेला भाग द्यायचा आसंल तर उजवा दे, न्हाई तर डावा दे." ऊन खांद्यावर होतंच. उजवी पाकळी पडली. लोकांनी हात जोडले. कुणीतरी घंटा वाजवली.

"माझा सवाल आहे," मी म्हणाले.

माहेरवाशिणीचा सवाल आमच्याकडे मोडत नाहीत. म्हातारी माणसं माना डोलावू लागली. दादाचा चेहरा दगड झाला, पण त्यानं ताज्या पाकळ्या घेतल्या.

"राई द्यायची नसेल तर उजवा दे," मी मोठ्यानं म्हणाले.

उजवी पडली.

कुजबुज सुरू झाली. शोभाताई म्हणाल्या, "आगं, आत्ताच तर ती व्हय म्हनली." मी दादाला म्हटलं, पुन्हा लाव. त्यानं लावल्या.

"समुद्राचं पाणी गोड असेल तर उजवा दे."

उजवी पडली. मागं एक तरणा मुलगा फिसकन हसला आणि आईनं त्याला चापट मारली.

"रेश्मा, बास," दादा हळू म्हणाला.

मी थांबले नाही. थांबता आलं असतं, पण माझ्या डोक्यात केंजळेची ती समजूतदार हसरी जिवणी होती. "मी रेश्मा गुरव, बाई नसून बुवा असेन तर उजवा दे!"

पाकळी पडली, आणि या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारी मटकन खाली बसली. मी लोकांकडे वळून सगळं सांगितलं, ऊन, वारा, खांदा, पाकळी, पूर्वेचा उतार. माझा आवाज फाटत होता. काहींना कळलं असावं, कारण ते देवीच्या उजव्या बाजूला जाऊन हात लावून बघू लागले. काही मात्र दादाकडे बघू लागले. "म्हंजे इतकी वर्सं गुरव आमाला..." असं कुणीतरी अर्धवट बोललं, आणि दादानं मान खाली घातली.

मग केंजळे पुढं आला.

"मॅडमचे आभार," तो म्हणाला, तितक्याच मऊ आवाजात. "त्यांनी शास्त्रीय पद्धतीनं दाखवून दिलंय की कौल म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. मलाही हेच म्हणायचं होतं, पण तुमच्या भावना दुखावतील म्हणून गप्प होतो. तेव्हा आता देवीला विचारण्याचा प्रश्नच नाही. गावानं हात वर करून ठरवावं. दवाखाना हवा की नको?"

राईला एकच कुलूप होतं आणि ते मीच, माझ्या हातानं, चारचौघांत फोडलं होतं. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडणार? तो माझंच म्हणणं मला ऐकवत होता. शोभाताईंचा हात वर जाऊ लागला. आणखी एक हात. मला त्या क्षणी केंजळेचा गळा धरावासा वाटला, हे मी लपवत नाही.

"हात खाली करा," दादा म्हणाला.

तो देवीच्या उजव्या बाजूला, उन्हात जाऊन उभा राहिला होता. त्याची सावली तिच्या खांद्यावर पडली होती.

"कौल खोटा न्हाई," तो म्हणाला. "कौल घेणारा चुकला. मला वाटलं देवी बोलतीया. ती बोलत न्हवती. तिचं अंग तापलंय, हात लावून बगा. तापात माणूस काय बी बडबडतंय. इचारलं तर व्हय म्हंतंय, उलटं इचारलं तरी व्हयच म्हंतंय." त्यानं केंजळेकडे बोट केलं. "सायब, तुमी शिकल्यालं. तापानं फणफणल्याल्या माणसाचा कागदावर अंगठा घ्येतला तर कोर्टात चालतंय का?"

केंजळे म्हणाला, "गुरवदादा, हा दगड आहे."

शोभाताईंचा हात खाली आला. दवाखाना त्यांना हवाच होता, अजूनही हवाच असणार, पण त्या केंजळेकडे अशा नजरेनं बघत होत्या की तो दोन पावलं मागं सरला.

"आजवर राईचं जितकं कौल मी दिलं तितकं सगळं मी मागं घेतो," दादा म्हणाला. "माझ्या तोंडानं दिलंत, माझ्या तोंडानं परत. देवीचा ताप उतरंस्तवर राईचा सवाल घालायचा न्हाई. इचारायचा न्हाई आनि हात बी वर करायचा न्हाई. ज्याला दम हाय त्यानं मला बाजूला सारून कुराड चालवावी."

कुणीच पुढं आलं नाही. लोक पाया पडून एकेक करून निघाले. केंजळे गाडीत बसताना मला म्हणाला, "शेजारच्या गावाला देवराई नाही, मॅडम. तिकडं काम सोपं आहे." त्यानं खरं तेच सांगितलं. पूर्वेची ज्वारी एका राईनं उभी राहणार नव्हती, आणि मला पुन्हा त्या जिन्यानं वर जाऊन त्याच हसण्यासमोर आलेख मांडायचे होते. जाणार आहे. शंभरदा जाणार आहे.

राईत आम्ही दोघंच उरलो. दादा अजून उन्हात उभा होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"दादा," मी म्हणाले.

"दादा म्हणू नको. गुरव म्हण." तो माझ्याकडे न बघता बोलला. "तुझं खरं होतं. तुझं सगळं खरंच असतंय. पण ती पाकळी पडायची तवा मला वाटायचं, कोन तरी माज्याशी बोलतंय. आता मी कौल लावीन तवा मला तुजं ऊन नि वारं दिसंल. बाबांना तरी ते दिसलं न्हाई. सुखानं गेलं ते."

माफी मागावी तर ती खोटी झाली असती, कारण मी पुन्हा तेच केलं असतं.

"गुरव," मी म्हणाले. "पूर्वेच्या बाजूचा रात्या उपटून काढायला लागेल. तिथं राईतलंच बी लावायला लागेल, जांभूळ, हिरडा, काय सापडेल ते. मी येऊ?"

त्यानं खाली पडलेल्या सगळ्या पाकळ्या गोळा केल्या, ओंजळीत धरल्या आणि झऱ्याच्या वाटेला लागला. थोडं पुढं जाऊन थांबला.

"ये," तो म्हणाला. "खड्डं काढायला माणूस लागतंय. भैन लागत न्हाई."